पुलाविना खांब

पॅरिस पाहून आलेल्या मंडळींच्या फोटोंत आयफेल टॉवर हटकून असतो, आणि माणसं बहुधा खालच्या कमानींपुढे उभी असतात. गंमत अशी, की मनोरा उभा राहण्याशी त्या कमानींचा फारसा संबंध नाही. त्या मागाहून, मुख्यतः शोभेसाठी आल्या. मनातल्या मनात त्या पुसून टाकल्या की या मनोऱ्याचं खरं कूळ दिसतं. तो रेल्वेपुलाचा खांब आहे. फक्त वर पूल नाही.

हजार फुटांचं वेड आयफेलच्याही आधीचं. वाफेच्या इंजिनामुळे नाव झालेल्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८३२ मध्येच ओतीव लोखंडाचा हजार फुटी स्तंभ सुचवला होता. १८७४ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क आणि रीव्ह्ज यांनी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनासाठी तेवढ्याच उंचीचा मनोरा मांडला. तेही पूल बांधणारेच. दोन्ही बेत कागदावरच राहिले.

गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीचं नाव पुलांसाठीच गाजलेलं. १८८४ मध्ये तिचा गाराबीचा पूल आकाराला आला होता: त्र्युएर नदीवर १६५ मीटरची एकच कमान आणि सुमारे १२२ मीटर उंचीवरून जाणारी आगगाडी. इतक्या उंचीवर गाडीच्या वजनापेक्षा वाऱ्याचीच धास्ती जास्त. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला होता, ती आठवण ताजी होती.

गाराबीच्या आकडेमोडीत गढलेला मॉरिस केकलँ तेव्हा २८ वर्षांचा. झुरिकला कार्ल कुल्मान यांच्या हाताखाली शिकलेला. बलांचा हिशेब रेघा आखून कसा करायचा, ते त्यांनी शिकवलं होतं. ६ जून १८८४ रोजी त्याने एक चित्र काढलं: चार जाळीदार पाय, खाली फाकलेले, वर एकत्र येणारे, उंची ३०० मीटर. उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी नोत्र दाम, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वगैरे एकाच्या डोक्यावर एक रचून दाखवले. कल्पना त्याची आणि सहकारी एमिल नूगिएची.

मालकाला ती फारशी भावली नाही. पुढे अभ्यास करायला हरकत नाही, एवढंच. मग वास्तुकार सोव्हेस्त्रने कमानी जोडल्या, दगडी चौथरे दिले, काचेची दालनं काढली, आणि खांबाला बाशिंग बांधलं गेलं. तेव्हा कुठे आयफेलचं मन फिरलं. सप्टेंबरात आयफेल, केकलँ आणि नूगिए या तिघांच्या नावे पेटंट नोंदवलं गेलं. पुढे त्याने दोघांचे हक्क विकत घेतले आणि मनोऱ्याला नाव एकट्याचं लागलं. तरी मला याला लबाडी म्हणवत नाही. पैशाची जोखीम त्याने घेतली आणि १८८७ मध्ये पॅरिसच्या नामवंत कलावंतांनी जाहीर निषेध केला, तेव्हा उत्तर द्यायलाही तोच उभा राहिला. त्याचं म्हणणं होतं, की या कडांचा बाक वाऱ्याच्या गणितातून आला आहे आणि म्हणूनच तो देखणा आहे.

ते गणित असं. मनोऱ्याच्या कुठल्याही उंचीवर थांबा. तिथून वर जेवढा वारा लागतो, त्याचा सगळा जोर एका बिंदूत एकवटला आहे असं धरा. त्या उंचीवरच्या पायांच्या कलाच्या रेषा वर वाढवल्या आणि त्या नेमक्या त्या बिंदूत मिळाल्या, तर वाऱ्याचा रेटा पायांच्या लांबीतूनच जमिनीत उतरतो. पायापायांमध्ये तिरके टेकू लावण्याची गरज उरत नाही. दर उंचीला हा नियम पाळत खाली यायचं, की कड आपोआप बाहेर झुकत जाते. म्हणून तर खाली चार पायांच्या मधे एवढं मोकळं आकाश आहे.

बांधणीचे आकडे सगळीकडे सापडतात: सुमारे ७,३०० टन लोखंड, १८,०३८ सुटे भाग, २५ लाख रिव्हेट. पोलाद नव्हे, घडीव लोखंडच. त्याचा स्वभाव आयफेलला पुलांवरून पाठ होता. मला मोह पडतो तो वाळूचा. कललेले पाय पहिल्या मजल्यावर आडव्या तुळयांना भिडायचे, तर भोकाला भोक तंतोतंत जुळायला हवं. त्यासाठी पायांच्या तळाशी पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक होते आणि वर परांचीवर वाळू भरलेल्या पेट्या. पेटीतली वाळू हळूहळू सोडली, की अख्खा पाय हवा तेवढाच खाली येई. डिसेंबर १८८७ मध्ये सांधा जुळला, ३१ मार्च १८८९ ला माथ्यावर झेंडा चढला.

एक गोष्ट मात्र अंदाजावरच होती. वारा नेमका किती जोराने दाबतो, याची भरवशाची मापं तेव्हा नव्हती. म्हणून आयफेलने हिशेब दोनदा केला: एकदा सगळीकडे चौरस मीटरला ३०० किलो धरून, एकदा तळाशी २०० पासून माथ्याला ४०० पर्यंत वाढवत. मनोऱ्याची परवानगी वीस वर्षांची होती. ती संपत आली तेव्हा सत्तरीतला आयफेल दुसऱ्या मजल्यावरून तारेच्या आधाराने सपाट पत्रे खाली सोडून हवेचा विरोध मोजत होता. १९०९ मध्ये त्याने मनोऱ्याच्या पायथ्याशी एक बोगदा बांधला, आत पंखा बसवला आणि ज्या वाऱ्याचा जोर आयुष्यभर अदमासाने धरला, तो मोजायला बसला.