वर्गवारी आणि मैदान

ज्यांचा दिवस फायली, तक्ते आणि रकाने यांतच सरतो, त्या आमच्यासारख्या सरकारी कारकुनांना वर्गवारी या शब्दाचे नावीन्य उरत नाही. कोण कोणत्या रकान्यात बसतो हे एकदा ठरले, की कोणाला काय मिळावयाचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवावयाचे, हेही ठरून जाते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा अशाच एका रकान्याचा इतिहास आहे. दीर्घकाळ तो दार लावण्याच्या कामी आला. पुढे खेळाच्या मैदानावर त्याच वर्गवारीने दार उघडले. हे दुसरे प्रकरण वाचकांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू.

१९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमों या फ्रेंच संशोधकांनी बुद्धिमापनाची कसोटी सिद्ध केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना अधिक साहाय्य द्यावे, असा बिनेचा उद्देश होता. परंतु मापपट्टी एकदा तयार झाली, की ती कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा नसतो. अमेरिकेत बुद्धीचे मोजमाप माणसांना वेगळे काढण्यासाठी होऊ लागले. १९२७ साली ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी संस्थांत ठेवलेल्या ‘मंदबुद्धी’ व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरविला. ज्यांच्या जन्मालाच समाजाची हरकत होती, त्यांच्या खेळाची चिंता कोण करणार?

श्रीमंतांची घरेही यातून सुटली नाहीत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया करण्यात आली. तिने रोझमेरीची चालण्याबोलण्याची शक्ती बव्हंशी हिरावून घेतली, आणि तिचे उर्वरित आयुष्य संस्थांतच गेले. तिची धाकटी बहीण यूनिस केनेडी श्रायव्हर हिने १९६२ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी क्रीडाशिबिर भरविले, आणि त्याच वर्षी एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून बहिणीची अवस्था जगापुढे मांडली. शस्त्रक्रियेचा उल्लेख मात्र त्या लेखातही नव्हता. लज्जेचे ओझे एकाएकी उतरत नाही.

याच सुमारास कॅनडात डॉ. फ्रँक हेडन हे या मुलांच्या शारीरिक क्षमतेचा अभ्यास करीत होते. ही मुले दुर्बळ असतात ती त्यांच्या बुद्धीमुळे नव्हे, तर त्यांना कोणी खेळूच देत नाही म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिकागोच्या उद्यान विभागातील एका तरुण क्रीडाशिक्षिकेची कल्पना आणि केनेडी प्रतिष्ठानचे द्रव्य यांच्या योगाने २० जुलै १९६८ रोजी तेथील सोल्जर फील्डवर पहिली ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ भरली. अमेरिकेची २६ राज्ये आणि कॅनडा येथून सुमारे १,००० खेळाडू आले होते. प्रेक्षकांच्या बाकांवर मात्र शुकशुकाट होता.

या चळवळीचे खरे वैशिष्ट्य तिच्या नियमांत आहे. शंभर मीटर धावण्यास एकाला पंधरा सेकंद लागतात आणि दुसऱ्याला तीस. दोघांना एकाच शर्यतीत उभे केले, तर एकाचा विजय फुकाचा आणि दुसऱ्याची फजिती ठरलेली. म्हणून वय, लिंग आणि प्राथमिक चाचणीतील कामगिरी पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. गटातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद खेळाडूंतील अंतर साधारणतः पंधरा टक्क्यांच्या आत राहावे, असा संकेत आहे. सोपा गट मिळावा म्हणून चाचणीत मुद्दाम मागे राहणाऱ्यास बाद करण्याचीही तरतूद आहे. येथे दयेला थारा नाही. पहिला येतो तो खरोखरच पहिला येतो, आणि चौथ्याला पदक मिळत नाही.

वर्गवारी प्रामाणिक नसेल तर काय होते, ते सिडनीने दाखविले. २००० सालच्या पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक मिळविले. त्याच संघातून खेळलेल्या एका पत्रकाराने पुढे गौप्यस्फोट केला, आणि बारांपैकी दहा खेळाडूंना अशी अक्षमता नव्हतीच, हे उघड झाले. परिणामी हा संपूर्ण गटच स्पर्धेतून वगळण्यात आला. तो परतला २०१२ साली, लंडनमध्ये. खोटी प्रमाणपत्रे धडधाकटांची, शिक्षा मात्र खऱ्या खेळाडूंना!

आपल्या देशातही शब्द बदलले आहेत. १९९५ च्या कायद्यातील ‘मतिमंदता’ २०१६ च्या कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ झाली. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारतीय चमूने ७६ सुवर्णांसह २०२ पदके मिळविली. तथापि आम्हांला पदकांच्या संख्येपेक्षा ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ अधिक महत्त्वाचे वाटतात. १९८० नंतरच्या दशकात रुजलेल्या या पद्धतीत बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून, एकत्र सराव करून खेळतात. स्वतंत्र मैदान ही एक पायरी होती. तिच्यावरच कायमचे बसून राहावयाचे नाही, हे येथे मान्य झालेले दिसते.

२०१६ च्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या असून, त्यांतील एक टक्का ज्या गटांसाठी सामाईक आहे त्यांत बौद्धिक अक्षमताही येते. म्हणजे प्रश्न आता आमच्याच मेजापाशी येऊन ठेपला आहे. हा माणूस काम करू शकेल काय, असे विचारून फाइल बंद करता येते. कोणते काम, कोणत्या गतीने आणि कोणाच्या सोबतीने, असेही विचारता येते. मैदानाने दुसरा प्रश्न पत्करला, आणि उत्तर मिळविले. कचेऱ्यांनी तो अजून नीटसा विचारलेलाही नाही.