ऑब्जेक्टने स्वतःबद्दल किती बोलावं?

या आठवड्यात रात्री दोन वाजता फोन वाजला. क्लायंटचा सर्व्हर बंद! कारण ऐकाल तर हसाल: डिस्क भरली होती, आणि ती भरली होती लॉगने. कोणीतरी (खरं सांगायचं तर मीच) लॉगमध्ये अख्खं ऑर्डर ऑब्जेक्ट छापायची ओळ टाकली होती. ऑर्डरमध्ये ग्राहक, ग्राहकामध्ये त्याच्या सगळ्या जुन्या ऑर्डरी, त्या प्रत्येकीत मालाची यादी... असो. दुरुस्ती झाली, पण नंतर झोप काही आली नाही. म्हटलं, हा प्रश्न आपल्यालाच पडलाय की जुना आहे? शोधलं तर चांगलाच जुना निघाला.

आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० मशीन्स जाहीर केली. तेव्हाची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या, म्हणजेच ‘कोअर’. प्रोग्रॅम कोसळला की मेमरीत जे असेल ते हेक्साडेसिमल आकड्यांत कागदावर छापून घ्यायचं. हाच तो कोअर डंप! मग तो गठ्ठा घेऊन बसा शोधत. माहिती सगळी, अर्थ काही नाही. पुढे कड्या गेल्या, नाव मात्र राहिलं.

झेरॉक्स पार्कच्या स्मॉलटॉकवाल्यांनी विचार उलटा केला: ऑब्जेक्टलाच विचारा ना, तू कोण म्हणून. स्मॉलटॉक-८० मध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला ‘प्रिंट-ऑन’ हा मेसेज कळतो. यादी फार लांबली तर छपाई मध्येच थांबून चक्क ‘एटसेट्रा’ लिहून मोकळी. पण उरलं किती, ते सांगत नाही.

१९९६ साली जावा १.० आली, तिच्यात टूस्ट्रिंग होतं. आपण ते लिहिलं नाही तर क्लासचं नाव, @ आणि एक हेक्साडेसिमल आकडा मिळतो. आडनाव सांगून गप्प बसणारा पाहुणाच! मग वैतागून आपण सगळी फील्ड्स छापतो, आणि गाडी पुन्हा कोअर डंपवर येते.

मला खरं पटलं ते लिस्पवाल्यांचं. गाय स्टील यांच्या १९८४ च्या ‘कॉमन लिस्प’ पुस्तकात प्रिंट-लेंग्थ आणि प्रिंट-लेव्हल अशी दोन व्हेरिएबल्स आहेत. यादीतले किती घटक दाखवायचे आणि किती खोल उतरायचं, हे त्यांनी ठरतं. गंमत म्हणजे ही मर्यादा ऑब्जेक्टच्या नाही, बघणाऱ्याच्या हातात आहे. पायथनचं रेपरलिब तसंच: यादीतले सहा घटक, मग तीन टिंबं, आणि हे आकडे आपल्याला बदलता येतात. नमपाय हजारापेक्षा जास्त घटक असले की पहिले तीन आणि शेवटचे तीन दाखवतो. बग नेमका मधे बसला असेल तर मर्यादा वाढवायची.

तर मी आमचं टूस्ट्रिंग नव्याने लिहिलं. ऑर्डर नंबर, स्थिती, मालाचे पहिले तीन नग, आणि कापलं असेल तर ‘आणखी ३१२’ असा स्पष्ट आकडा. छापण्यासाठी डेटाबेसला हात लावायचा नाही. यादी मेमरीत नसेल तर ‘आणलेली नाही’ एवढंच लिहायचं. सगळं बघायचंच असेल तर वेगळी मेथड आहे, मुद्दाम हाक मारावी लागते.

रात्री दोनला लॉग वाचणारा माणूस अर्धवट झोपेत असतो. त्याला आधी एवढंच हवं असतं: कोणती ऑर्डर, आणि अडलंय कुठे?