गोंदियाचा माणूस जपानात तांदूळ कुठून घेतो?

मे 2025 मध्ये जपानच्या कृषिमंत्र्याची खुर्ची एका वाक्यावरून गेली. ताकू एतो त्यांचं नाव. एका कार्यक्रमात बोलून गेले की मला कधी तांदूळ विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक इतका देतात की घरात विकण्याएवढा पडलाय. तीन दिवसांत राजीनामा. आपल्याकडे मंत्र्यांची याहून मोठमोठी वाक्यं पचतात, पण तिथे तेव्हा दुकानात पाच किलोच्या पिशवीची सरासरी किंमत 4,200 येनच्या वर गेली होती. वर्षभरापूर्वीच्या साधारण दुप्पट. आपल्या हिशेबाने किलोला पाचशे रुपयांच्या घरात.

माझी भाची तोक्योत राहते, निशि-कासाई भागात. तिने त्या दिवसांत फोनवर सांगितलं, "मामा, दुकानात पाटी लागली आहे, एका कुटुंबाला एकच पिशवी." मी मुर्रीत बसून हे ऐकत होतो. मुर्री म्हणजे गोंदियाला लागूनच, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या आणि शहरात राइस मिलच राइस मिल. तांदूळ मोजून मिळतो हे आमच्या पोरांना सांगून पटत नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आपली माणसं जपानात गेली कधी, खायची काय, दुकानदार त्यांच्याशी वागायचे कसे? जे हाती लागलं ते मांडतोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

सुरुवात तांदळाने नाही, कापसाने होते. 1893 मध्ये जपानच्या निप्पॉन युसेन काइशा कंपनीने मुंबई-कोबे जहाज सुरू केलं. मागे जमशेटजी टाटा होते. तोवर हिंदुस्थानचा कापूस नेण्यावर पी अँड ओ वगैरे कंपन्यांची मक्तेदारी होती आणि भाडं ते म्हणतील ते. नवीन जहाज निघाल्यावर पी अँड ओने भाडं पार पाडलं, पण जपानी गिरण्यांनी आपल्याच जहाजातून माल न्यायचं ठरवलं आणि लाइन टिकली. त्या वाटेने सिंधी, गुजराती, पारशी व्यापारी योकोहामा आणि कोबेत जाऊन बसले. रेशीम घ्यायचं, जगभर विकायचं.

त्याच काळात आपल्या विदर्भातला एक तरुणही तिथे पोचला, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. टिळकांच्या सल्ल्याने 1906 च्या सुमारास देश सोडला, काही काळ जपानात चिनी आणि जपानी क्रांतिकारकांत राहिले, मग अमेरिकेत शेती शिकले आणि शेवटी मेक्सिकोत मक्यावर संशोधन केलं. जपान त्यांच्यासाठी एक थांबा होता. तिथल्या दिवसांत ते काय खात होते, हा प्रश्न मला फार छळतो. क्रांतिकारकांच्या चरित्रात जेवणाची पानं का नसतात कोण जाणे.

1 सप्टेंबर 1923. कांतोचा महाभूकंप. योकोहामा जवळपास जमीनदोस्त. वाचलेले हिंदी व्यापारी कोबेला निघून गेले. आता गंमत बघा, परदेशी गेल्यावर योकोहामाला कळलं की रेशमाचा धंदाही त्यांच्याबरोबर गेला. मग शहराने त्यांना परत बोलवायचा खटाटोप केला, घरं आणि दुकानं उभी करून दिली. परत आलेल्या व्यापाऱ्यांनी पुढे, 1939 मध्ये, शहराला एक पाणपोई भेट दिली. यामाशिता बागेत ती आजही उभी आहे, घुमटाची. भूकंपात गेलेल्या आपल्या लोकांची आठवण आणि शहराचे आभार, दोन्ही एकाच दगडात.

दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण तिच्यातला दुकानाचा भाग कोणी सांगत नाही. रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानात पळून गेले. ब्रिटिशांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देश सोडायचा हुकूम काढला. तेव्हा त्यांना लपवलं कोणी? शिंजुकूतल्या नाकामुराया नावाच्या पावाच्या दुकानाच्या मालकांनी, सोमा पतिपत्नींनी. दुकानामागच्या चित्रशाळेत. पुढे त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, 1918 मध्ये बोसांचं लग्न झालं. ती 1925 मध्ये गेली. 1927 मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह उघडलं आणि बोसांच्या हातची, हाडांसकट कोंबडीची करी ठेवली. जपानात करी आधीपासून होती, पण ती इंग्रजांमार्फत आलेली, पीठ घातलेली, दाट, पिवळी. ती दहा-बारा सेनला मिळायची आणि नाकामुरायाची होती 80 सेन. तरी लोक रांगा लावत. ती करी आजही मिळते.

बाकी जपान मात्र त्या पिवळ्या करीवरच राहिलं. 1963 मध्ये सफरचंद आणि मध घातलेल्या वड्यांचं पाकीट बाजारात आलं आणि घराघरांत गेलं. आपल्या शाकाहारी माणसाची पहिली फजिती तिथेच होते. पाकिटावर करी लिहिलंय म्हणून आनंदाने उचलायचं आणि आत असते गाईची नाहीतर डुकराची चरबी. भाची म्हणते, भाषा शिकायच्या आधी तिने चारच अक्षरं पाठ केली होती: गाय, डुक्कर, कोंबडी, मासा. आणि मासा तर सगळ्यात. साधं वरणासारखं दिसणारं सूपही माशाच्या अर्कावर.

आता मुख्य तांदूळ. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. काड्यांनी उचलायचा तर तो चिकटच हवा. आपल्याला हवा मोकळा, चिन्नोर नाहीतर एचएमटी. (एचएमटी तांदूळ शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. नाव दिलं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं. आणि ते घड्याळ 1961 मध्ये बंगळुरात सुरू झालं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने. म्हणजे आमच्या ताटातल्या भाताच्या नावात थोडं जपान आहेच!) पण जपान बाहेरच्या तांदळाला दारात उभं करत नाही. ठरलेल्या कोट्याबाहेर आणायचा तर किलोमागे 341 येन जकात. तांदळाच्या किमतीहून जकातच जड.

ही भिंत एकदाच नीट पडली. 1993 चा उन्हाळा जपानात इतका थंड गेला की धान भरलंच नाही. सरकारने थायलंड, चीन, अमेरिका मिळून 25 लाख टनांच्या वर तांदूळ आणला. थाई तांदूळ कोणी घेईना, म्हणून जपानी तांदळात मिसळून किंवा जोडीला लावून विकला. काही लोकांनी जपानी ठेवला आणि थाई फेकून दिला. तिकडे आशियाच्या बाजारात भाव चढले आणि गरीब देशांना फटका बसला. आपला नाही म्हणून अन्न कचऱ्यात जातं, हे दुष्काळ पाहिलेल्या माणसाला वाचवत नाही. शिजवायची पद्धत वेगळी आहे, पाणी जास्त घालून निथळा, एवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या बांगलादेशी किंवा भारतीय विद्यार्थ्यानेही सांगितलं असतं. विचारणार कोण?

2000 च्या आसपास संगणकांच्या वायटूके कामासाठी आपले इंजिनिअर गेले. ते निशि-कासाईतच का गोळा झाले याचं उत्तर साधं आहे. तोझाई लाइनने थेट कचेऱ्यांच्या भागात जाता येतं, आणि तिथे सरकारी गृहसंस्थेच्या इमारती आहेत ज्यांना जपानी जामीनदार लागत नाही, की घरमालकाला परत न मिळणारी "आभाराची" रक्कमही द्यावी लागत नाही. खाजगी घर मिळणं अवघड. 2017 मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयानेच परदेशी रहिवाशांची पाहणी केली. त्यात घर शोधणाऱ्यांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी सांगितलं की परदेशी आहे म्हणून नकार मिळाला. (हे वाचून नागपूर-पुण्यात घर शोधताना आडनाव विचारलं गेलेल्या मित्रांनी हसू नये.)

दुकानात मात्र अपमान नाही, हे भाची आवर्जून सांगते. पैसे हातात देत नाहीत, ताटलीत ठेवायचे. सुट्टे येन मोजून परत देतात. संध्याकाळी उशिरा गेलं तर डब्यांवर अर्ध्या किमतीचं लेबल लावतात, तेव्हा गर्दी. 2019 पासून विक्रीकर 10 टक्के, पण खाण्यावर 8. घासाघीस शून्य. "आपल्या मंगळवारच्या बाजारासारखं कोणी बोलतच नाही मामा," ही तिची तक्रार. तूरडाळ, पोहे, हिंग घ्यायला भारतीय दुकान आहेच. पंचवीस वर्षांपूर्वी आलेल्यांना त्यासाठी उएनोच्या आमेयोको बाजारात जावं लागे. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभा राहिलेला तो बाजार आहे. तिथल्या तळघरात आजही सगळ्या आशियाचे मसाले मिळतात.

पण दुकानदाराने वाकून नमस्कार केला म्हणजे देशाने घरात घेतलं असं नाही. 2000 सालापर्यंत तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाच्या बोटांचे ठसे नोंदणीसाठी घेत. पिढ्यानपिढ्या तिथे जन्मलेल्या कोरियन लोकांचेही 1993 पर्यंत घेत, आणि त्यांनीच नकार देऊन तुरुंगाची तयारी ठेवून ती पद्धत मोडली. जपानी रहिवाशांच्या वहीत परदेशी माणसाचं नाव यायला जुलै 2012 उजाडलं. मत द्यायचा हक्क आजही नाही, ग्रामपंचायतीसारख्या निवडणुकीतसुद्धा नाही. म्हणूनच पुण्यात वाढलेल्या योगेंद्र पुराणिक यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतलं आणि मग 2019 मध्ये एदोगावा प्रभागाच्या सभेत निवडून आले. मराठी घरातला माणूस तोक्योत नगरसेवक, याचं कौतुक आपण केलं. त्यासाठी भारताचं नागरिकत्व सोडावं लागलं, हे पेपरात बारीक अक्षरात होतं.

2024 च्या अखेरीस जपानात परदेशी रहिवासी सुमारे 37 लाख 70 हजार झाले, लोकसंख्येच्या तीन टक्के. त्यात भारतीय 50 हजारांवर. आणि जुलै 2025 मध्ये, तांदूळ महाग असतानाच, "जपानी माणूस आधी" म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने वरच्या सभागृहात 14 जागा जिंकल्या. तांदूळ का महागला? 2023 च्या उष्णतेने दाणा बिघडला, 2024 च्या ऑगस्टमध्ये भूकंपाच्या इशाऱ्याने लोकांनी साठा केला, आणि वर्षानुवर्षं शेतकऱ्याला धान कमी लावायला सांगितलं होतं. पण "परदेशी पर्यटक येऊन भात खातात" हे वाक्य जास्त लवकर पसरलं. पर्यटकांनी थोडा खाल्ला असेलच. दुप्पट भावाइतका?

हे सगळं वाचून जपानला नावं ठेवायचा मोह होतो. म्हणून जरा आपल्याच जिल्ह्यात चला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या बाजूला, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. गोंदिया जिल्हा झाला 1999 मध्ये. म्हणजे आपला जिल्हा त्यांच्याहून लहान! थंडी पडली की त्यांची स्वेटरची दुकानं लागतात, माल लुधियानाचा. आम्ही "तिबेटी मार्केट" म्हणतो आणि तासभर घासाघीस करतो. त्या बाया आपल्यापेक्षा चांगली मराठी-हिंदी मिसळून बोलतात. तिथे जन्मलेल्या कित्येकांच्या हातात मात्र परदेशी नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, आणि त्याचं नूतनीकरण करत राहावं लागतं. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक आहे, हे कायद्यात होतंच. तरी ते दिल्ली उच्च न्यायालयाला 2010 मध्ये सांगावं लागलं. त्यानंतर जन्मलेल्यांचं तेही नाही.

आता आपल्या भागातली पोरं जपानी भाषेच्या क्लासला जाऊ लागली आहेत. वृद्धांच्या सेवेची, कारखान्याची कामं आहेत, 2021 मध्ये दोन्ही देशांचा त्यासाठी करारही झालाय. जाणाऱ्यांनी एजंटला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: जामीनदार कोण, घर कोणाच्या नावावर, आणि मालक बदलायचा असेल तर परवानगी मिळते का. तांदळाचं मी विचारलं होतं. भाची म्हणाली, कुकर घेऊन या, तांदूळ आणू नका, विमानतळावर तपासणीच्या कागदाशिवाय ठेवून घेतात.