घराच्या कागदातली एक ओळ

२०१९ साली आम्ही अमेरिकेत घर घेतलं. खरं म्हणजे बँकेनं घेतलं; आम्ही त्यात राहतो आणि तीस वर्षं हप्ते भरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, १९४१ साली बांधलेलं बैठं लाकडी घर. पुण्याला फोटो पाठवला तर काकांचा पहिला प्रश्न : "एवढ्या पैशांत लाकडाचं?"

खर्चाचं आधी सांगून टाकतो, कारण दर वीकेंडला कुणीतरी मित्र फोन करून तेच विचारतो. किमतीच्या २० टक्के डाउन पेमेंट. त्याहून कमी भरलंत तर कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाई मिळावी म्हणून वेगळा विमा, आणि त्याचा हप्ता अर्थात तुम्हीच भरायचा! बोली मान्य झाली की साधारण ३ टक्के इसार. तो विकणाऱ्याच्या हातात देत नाहीत, एस्क्रो नावाच्या तिऱ्हाइताकडे ठेवतात. बँकेची फी, घराची तपासणी, मूल्यांकन, नोंदणी, टायटल इन्शुरन्स असं सगळं मिळून आणखी २ ते ५ टक्के. आपल्याकडच्या मुद्रांक शुल्काची सवय असलेल्याला हे फार वाटत नाही. खरा चिमटा बसतो तो मालमत्ता कराचा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे खरेदी किमतीवर मूळ दर १ टक्का, वर स्थानिक आकार, आणि घर पुन्हा विकलं जाईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. त्यामुळे शेजारच्या आजी १९७० च्या दशकापासून तशाच घरात राहतात, आणि मी त्यांच्या कित्येक पट कर भरतो. असो.

यातलं टायटल इन्शुरन्स हे प्रकरण मला आधी कळलंच नव्हतं. आपल्याकडे वकील सर्च रिपोर्ट देतो, इंडेक्स टू काढतो, शेतजमीन असेल तर सातबारा बघतो. इथे मालकीचा चक्क विमा! त्याचं मूळ फिलाडेल्फियात आहे. वॉटसन नावाच्या गृहस्थांनी मुइरहेड नावाच्या दस्तलेखकावर विसंबून जागा घेतली. जागेवर जुना बोजा निघाला आणि पैसे गेले. मुइरहेडना त्या बोजाची कल्पना होती, पण वकिलानं 'काही हरकत नाही' असा सल्ला दिला होता. त्यामुळे १८६८ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. म्हणजे चूक कुणाचीच नाही आणि भुर्दंड घेणाऱ्याला. ही भीती ओळखून १८७६ साली फिलाडेल्फियातच मालकीचा विमा विकणारी पहिली कंपनी निघाली.

या विम्यासाठी जुने कागद खणून काढतात, आणि त्याच गठ्ठ्यात मला ती ओळ सापडली. १९४० साली आमच्या सगळ्या गल्लीसाठी नोंदवलेल्या अटी होत्या. घर रस्त्यापासून किती फूट आत हवं, कोंबड्या पाळायच्या नाहीत, वगैरे. आणि मध्येच एक अट अशी, की गोऱ्या वंशाच्या नसलेल्या कुणीही या घरात राहू नये. अपवाद फक्त घरच्या नोकरांचा. वर ठळक अक्षरांत सूचना होती, की बेकायदा भेदभाव करणाऱ्या अटी आता रद्दबातल आहेत. सही घेणारी बाई म्हणाली, "याकडे लक्ष देऊ नका, सगळ्यांच्या कागदात असतं." मी सही केली. बायकोनं पेन खाली ठेवून ती ओळ दोनदा वाचली, मग सही केली.

'सगळ्यांच्या कागदात' का असतं, ते नंतर शनिवार-रविवारी वाचत बसलो. १९२६ साली सुप्रीम कोर्टानं अशा खासगी करारांना मोकळीक दिली होती. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. मंदीच्या आधी अमेरिकेत घरकर्ज बहुधा पाचेक वर्षांचं असे आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागे. १९३४ साली फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं. त्यानं कर्जांना सरकारी हमी दिली आणि दीर्घ मुदतीचा, ठरावीक हप्त्याचा प्रकार रुळवला. माझा तीस वर्षांचा हप्ता त्याच वंशावळीतला. आणि त्याच कार्यालयाच्या नियमपुस्तिकेत, वस्तीची किंमत टिकावी म्हणून वांशिक अटी घालाव्यात अशी शिफारस होती! म्हणजे ज्या व्यवस्थेनं सामान्य माणसाला घर परवडेल असं केलं, तिनंच ही ओळ लिहायला शिकवलं.

आपल्या लोकांची गोष्ट त्याआधीची. वैष्णो दास बगई १९१५ साली पेशावरहून बायको कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. पैसेवाले होते, इंग्रजी उत्तम. बर्कलीत घर घेतलं, तर सामान घेऊन पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकली होती. मुलांना त्रास होईल म्हणून कलाबाईंनी तिथे राहायला नकार दिला आणि कुटुंब परत फिरलं. १९२१ साली वैष्णो दास नागरिक झाले. पण १९ फेब्रुवारी १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीत हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. (थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, हेही उपयोगी पडलं नाही.)

मग दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा होताच : जो नागरिक व्हायला अपात्र, त्याला शेतजमीन घेता येणार नाही. १९२० साली तो आणखी आवळला होता. बगईंचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता आणि दुकान विकावं लागलं, भारतात जायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि जाण्यापूर्वी वर्तमानपत्राला पत्र लिहून कारण सांगितलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही सरकारनं दावा लावला होता. ते मात्र १९२७ साली टिकून राहिले.

१९४६ च्या कायद्यानं भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं. पण लक्षात घ्या, त्या वर्षी नागरिक झालेल्या भारतीयालाही माझ्या या घरात राहता आलं नसतं. १९४८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की अशा अटी न्यायालयांनी अमलात आणायच्या नाहीत. कॅलिफोर्नियानं १९६३ साली घरविक्रीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर लगेच १९६४ साली इथल्याच मतदारांनी तो मोठ्या बहुमतानं उलटवला. न्यायालयांनी तो कौल रद्द केला, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, फेअर हाउसिंगचा कायदा देशभर आला.

हे काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "बघ, कसे हे गोरे!" मी विचारलं, "काका, तुमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं देताना सोसायटीनं आधी काय विचारलं होतं?" काका म्हणाले, "आडनाव... पण ते वेगळं रे." मग क्रिकेटवर बोललो.

कलाबाई १९८३ पर्यंत जगल्या. २०२० साली बर्कली शहरानं एका रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. एका रविवारी तिथे जाऊन कॉफी पिऊन आलो. पार्किंग मिळता मिळेना.

आता प्रश्न आमच्या ओळीचा. काउंटीत एक फॉर्म भरला की ती अट आपल्या घराच्या दस्तातून खोडता येते, फी लागत नाही. मी म्हणतो, काढून टाकू. बायको म्हणते, राहू दे, मुलगी मोठी झाल्यावर तिला वाचायला मिळेल. मूळ कागद काउंटीच्या दप्तरात तसाही राहतो, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दप्तरात कोण बघायला जातंय?"

फॉर्म सध्या फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली आहे.