रांजणगावचा विंचू

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला उतरणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. अलीकडं, चौफुल्याच्या अलीकडं, एका भंगारवाल्याच्या पत्र्याच्या आवारात मी सकाळपासून बसून होतो. समोर माझ्या पुतण्याची पांढरी मोटार होती. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री तो घरी येत असताना दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्याला शेवटपर्यंत दिसली नाही. पोरगा वाचला, गाडीचं नाक मात्र गेलं. कागदावर सही करायला मी सोबत गेलो होतो. भंगारवाल्यानं पान्यानं पहिल्यांदा काढला तो बॉनेटवरचा विंचू.

हा विंचू मूळचा इटलीचा. कार्लो अबार्थ नावाच्या माणसानं १९४९ मध्ये शर्यतीच्या गाड्या बनवण्याचा उद्योग काढला आणि आपल्या वृश्चिक राशीचं चिन्ह गाडीवर लावलं. १९७१ मध्ये हा उद्योग फियाटकडं गेला. पण पुतण्याची गाडी इटलीत जन्मली नव्हती. ती आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, महागणपतीच्या शेजारी तयार झाली होती.

फियाट आणि महाराष्ट्र यांचं नातं जुनं आहे. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच प्रिमियर कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. १९६४ ची 'फियाट ११००', पुढं १९७४ पासून 'प्रिमियर पद्मिनी', ही सगळी एकाच घराण्यातली. २००७ मध्ये फियाट आणि टाटा यांनी रांजणगावच्या कारखान्यासाठी भागीदारी केली. तिथं 'लिनिया' आणि 'पुंटो' बनल्या आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये पुंटोचा तिखट अवतार आला, 'अबार्थ पुंटो'. सुमारे १४५ अश्वशक्तीचं टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत दिल्लीत ९ लाख ९५ हजार. पद्मिनीच्या इंजिनाची ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती होती, हे लक्षात घेतलं की पोरं या गाडीमागं वेडी का झाली ते कळतं.

मग अशी गाडी दहा वर्षांच्या आत सुट्या भागांच्या ढिगात का जाते?

लोक म्हणतात, गाडी म्हातारी झाली. मला ते पटत नाही. पद्मिनी म्हातारी होऊनही चालतच राहिली. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तोवर तिचा पार्ट मिळत होता आणि कुठल्याही गावचा मिस्त्री तिला डोळे मिटून खोलत होता. शर्यतीच्या वाणाची गाडी मरते ती वयानं नव्हे, तर भावंडं कमी असल्यामुळं. मुळात ती थोडी विकली जाते. १ एप्रिल २०२० पासून 'भारत-६' हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्याआधीच फियाटच्या गाड्यांची विक्री आपल्याकडं थांबली होती. कारखाना दुसऱ्या गाड्यांकडं वळला. पुढचा दिवा, टर्बो, गिअरबॉक्स मिळवायला मग मालक वणवण फिरतो.

दुसरं कारण हिशेबाचं. विम्यात गाडीची किंमत दर वर्षी उतरते आणि पाचव्या वर्षी ती निम्म्यावर येते. दुरुस्तीचा खर्च या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी 'पूर्ण नुकसान' धरली जाते. गाडी स्वस्त होते, पार्ट मात्र महागच राहतो. हत्ती स्वस्तात मिळतो, चारा परवडत नाही, तशातला प्रकार. भंगारवाला मला सहज बोलून गेला, "काका, अख्ख्या गाडीला गिऱ्हाईक एक. सुटी केली की दहा." टर्बो इंजिन हवं असलेला लिनियावाला, चाकं हवी असलेला पुंटोवाला, सगळे त्याच्या फोनवर होते.

तिसरं कारण कायद्यातलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं तपासणी करून, हरित कर भरून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. गाडीला 'विंटेज'चा मान मिळतो तो २०२१ च्या नियमाप्रमाणं पन्नास वर्षं उलटल्यावर. म्हणजे २०१५ च्या गाडीला २०३० पासून २०६५ पर्यंत पस्तीस वर्षं ना नवेपणाची किंमत, ना जुनेपणाची. गाड्या मरतात त्या याच मधल्या काळात.

याच नगर रस्त्यानं शिरूरच्या पुढं गेलं, की अहिल्यानगरला १९९४ मध्ये सुरू झालेलं लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथं परदेशी, शत्रूचेसुद्धा रणगाडे रंगरंगोटी करून जपले आहेत, कारण ते जपणं कुणाचं तरी नेमलेलं काम आहे. आपल्या तालुक्यात घडलेली गाडी जपणं मात्र कुणाचंच काम नाही.

त्या दिवशी मी सही केली. वाईट वाटलं, खोटं का बोलू? चार दिवसांनी पुतण्याला कोल्हापूरहून एका अनोळखी मुलाचा फोन आला. आमच्या गाडीचा मागचा दरवाजा त्याच्या गाडीला बसला होता. "आता माझी आणखी काही वर्षं चालंल," तो म्हणाला. एक गाडी मोडते तेव्हा दुसरी चार दिवस जास्त जगते, हेही खरंच. पण मोडायला एकही उरणार नाही, तेव्हा काय? रांजणगावला घडलेल्यांपैकी एक तरी अख्खी गाडी तालुक्यात कुठंतरी ठेवायला हवी. निदान ती बनवणाऱ्या कामगारांच्या नातवंडांना दाखवायला.

विंचू मी मागून घेतला. तो माझ्या टेबलावर आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)