त्या मशीनला पट दिसतो का?

१९९८ साली आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि मी बाबांना बुद्धिबळ लावून दिलं. हौसेने त्रिमितीय पट निवडला. संगमरवरी घरं, सोंगट्यांच्या सावल्या, सगळा थाट! बाबा चाळीस वर्षं लाकडी पटावर खेळलेले. थोड्याच वेळात त्यांचा वजीर गेला. उंच राजामागे दडलेला उंट त्यांना दिसलाच नव्हता. मी मुकाट्याने सपाट पट लावला. "हां, हे पेपरातल्या कोड्यासारखं झालं," म्हणाले. तरी कीबोर्डशेजारी आपला लाकडी पट मांडलाच. आणि मग विचारलं, "काय रे, त्या मशीनला यातला कुठला पट दिसतो?"

तेव्हा मी हसलो होतो. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

१९७६ साली पीटर जेनिंग्ज यांनी किम-१ या छोट्या संगणकासाठी 'मायक्रोचेस' लिहिला. मेमरी एक किलोबाइटच्या आसपास. पडदा नाहीच, कॅल्क्युलेटरवर असतात तसे सहा दिव्यांचे आकडे. दोन सोंगटीचे, दोन निघायच्या घराचे, दोन पोचायच्या घराचे. पट ज्याचा त्याने शेजारी मांडायचा!

पडदा आला आणि भांडण सुरू झालं : चित्र काढायचं की विचार करायचा? अटारी २६०० वर १९७९ मध्ये 'व्हिडिओ चेस' आला. त्या यंत्राची मेमरी १२८ बाइट, त्यात अख्खं चित्र मावणार कुठे? टीव्हीचा किरण सरकेल तशी एकेक ओळ प्रोसेसरनेच त्या क्षणी रंगवायची. मग विचाराला वेळ कुठला? म्हणून यंत्र विचारात पडलं की पट गायब, नुसते रंग बदलत राहायचे. १९८१ च्या झेडएक्स-८१ चंही तेच. चित्र दिसत ठेवलं तर वेग साधारण पाव. 'फास्ट' म्हटलं की पडदा कोरा. आपणही अवघड हिशोब करताना डोळे मिटतोच की.

पुढे ताकद वाढली आणि नटवानटवी सुरू झाली. १९८८ च्या 'बॅटल चेस'मध्ये हत्तीचा दगडी राक्षस व्हायचा आणि सोंगट्या चालत जाऊन मारामारी करायच्या. मजा यायची, पण डाव रंगला की सपाट पटच बरा वाटायचा.

२००० साली यूसीआय ही पद्धत आली आणि पटाची चित्रं काढणारा प्रोग्राम व खेळणारा प्रोग्राम यांच्या बोलण्याला एक सोपी भाषा मिळाली. दोघांत फक्त मजकूर जातो : या घरातून त्या घरात. पटाचा रंग, सावल्या, सोंगट्यांचे आकार खेळणाऱ्याच्या गावीही नसतात. २००३ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्ह खास चष्मा लावून हवेत तरंगणाऱ्या पटावर 'एक्स३डी फ्रिट्झ'शी खेळला, खेळ्या तोंडाने सांगत. चार डाव, २-२ बरोबरी. तो सगळा देखावा एकाच खेळाडूसाठी होता. दुसऱ्याला त्याची गरजच नव्हती.

गंमत पुढेच आहे. ज्या ग्राफिक्स कार्डांचा जन्म चित्रं रंगवायला झाला, त्यांवरच २०१८ पासून 'लीला चेस झीरो' विचार करते. असंख्य छोटे गुणाकार एकदम करायची त्यांची सवय न्यूरल नेटवर्कच्या कामी आली. एकेकाळी विचारासाठी चित्र बंद करावं लागे, आता चित्र काढणारंच विचाराला बसलंय.

म्हणजे बाबा, उत्तर असं : त्याला आपल्यासारखा पट दिसत नाही. दिसणारा पट पहिल्यापासून आपल्यासाठीच होता.

हल्ली बाबांची नजर अधू झाली आहे. पडदा कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. रविवारी मी कॉम्प्युटरची खेळी मोठ्याने वाचतो, ते लाकडी पटावर बोटांनी चाचपत सोंगटी सरकवतात आणि डोळे मिटून बसतात. मीही मग पडद्याकडे बघत नाही.