पदवीवरचे नाव: नामांतर आणि नांदेड-लातूरचा विद्यार्थी

लातूरला क्लाससाठी खोली शोधणाऱ्या आमच्या पोरांना भाड्याआधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, आणि तरीही नाही झाला तर ‘म्हणजे कोणत्यात?’ हा जुना प्रश्न येतोच. आम्हीही तो ऐकलाय. उत्तर दिले की खोली ‘कालच गेलेली’ असते. पुढे कॉलेजात शिष्यवृत्तीच्या रांगेत उभे राहिलो की मागून ‘सरकारचे जावई’ ऐकू येते. म्हणून ‘आता कुठे राहिलीय जात?’ असे कुणी म्हटले की आम्ही त्याला 1978 सालात घेऊन जातो.

त्याआधीचे थोडे सांगायला हवे. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. महारा-मांगाच्या पोराला गावची शाळाच अवघड, तिथे हैदराबाद कुठले? बाबासाहेबांनी 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ आले 1958 मध्ये, म्हणजे त्या कॉलेजनंतर आठ वर्षांनी. हा क्रम विरोधकांना कधीच आठवत नाही.

त्यामुळे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्या, ही मागणी कुठून तरी उपटलेली नव्हती. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शहरात मोर्चे निघाले, बंद झाले. त्यात सवर्ण विद्यार्थी पुढे होते. पण जळाल्या त्या खेड्यापाड्यातल्या आमच्या वस्त्या. ज्याने विद्यापीठाची पायरी पाहिली नाही अशा शेतमजुराचे घर कशासाठी जाळायचे? आमचे उत्तर असे की त्याचा पोरगा कॉलेजात जाऊन शर्ट-पँट घालून गावात येऊ लागला होता. बापाने मेलेली ढोरे ओढणे सोडले होते, पोरगा पाटलासमोर मान खाली घालत नव्हता. राग त्याचा होता, नाव निमित्ताला सापडले.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा त्या ऑगस्टमध्ये खून झाला. ते मातंग होते. ‘नामांतर हा नवबौद्धांचा हट्ट’ म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरेसे आहे. मातंग आणि बौद्ध तरुणांत आज भिंत बांधणाऱ्या आपल्यातल्या काहींनाही!

ठराव झाला, अंमलबजावणी नाही. 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला, लाठ्या बसल्या, तुरुंग भरले. वर्षे गेली. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडात गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी आत्मदहन केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 14 जानेवारी 1994 रोजी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. सरकारी भाषेत ‘नामविस्तार’. सोळा वर्षे झगडून मिळाले तेही अर्धेच, असे आमची थोरली पिढी अजून म्हणते.

आणि मग जे झाले ते फारसे कुणी बोलत नाही. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजे त्याला जोडली गेली. स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, त्यांच्याशी आमचे काही वाकडे नाही. जवळचे विद्यापीठ हवेच होते. एका मार्कमेमोसाठी उदगीरच्या पोराने रात्रभर एसटीत बसून औरंगाबादला जायचे, हे काही बरे नव्हते. पण हिशेब तर मांडू. पोचिराम कांबळे नांदेड जिल्ह्याचे. गौतम वाघमारे नांदेडचे. ज्या जिल्ह्याने माणसे दिली, त्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव जेमतेम आठ महिने राहिले.

आमच्या वर्गातल्या कित्येकांना हे माहीत नव्हते. आम्हाला बापाने सांगितले, तेही 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटला वंदन करून परतताना, गाडीत. ‘आपली पदवी कुठली?’ असे विचारले, तेव्हा तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.